पाणी बदलताना

केटलीच्या बुडाशी पांढरा थर.

फडताळात पाच लिटरच्या दोन बाटल्या. दोन्ही निळ्या झाकणांच्या.

काचेच्या टाकीत नखाएवढी कोळंबी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. कात टाकायला निघाली आणि अर्ध्यातच अडकली. डोक्यामागे कवचाला पांढरं कडं पडलंय.

सब्जाच्या जुडीचा वास.

शेजारच्या खोलीत खोकला. थांबतो. पुन्हा.

आणि न्हाणीघरात तिबेरियु. हातात टाकीतून काढलेल्या पाण्याची बादली, संडासाच्या भांड्यावर कललेली. कललेली, पण ओतत नाही.

"पुतळा झाला का रे तुझा?" दारात त्याची सासू, अग्लाया. हातात चहाचा चमचा. "सरक. स्वयंपाकघरातला नळ तुझ्या त्या फिल्टरने अडवलाय, चमचा कुठे विसळू? म्हातारा जागा झालाय."

तिबेरियु सरकला नाही.

तो काही देवभोळा नव्हता. ईस्टरला मेणबत्ती आणि मयतीला हजेरी, एवढाच त्याचा देवाशी संबंध. पण गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. बादली भरायची, इथवर आणायची आणि परत नेऊन टाकीत ओतायची. आज सकाळी आणखी कोळंब्या मेल्या.

गावाचं पाणी चुनखडीचं, जड. असल्या कोळंब्यांना ते सोसत नाही. म्हणून तो आरओचं पाणी बाटलीत भरून फडताळात ठेवायचा, मोजून क्षार घालायचा आणि टाकीत तेवढंच वापरायचा. शेजारच्या बाटलीत सासूचं तीर्थ. जानेवारीतल्या सणाला पाद्र्याने सब्जाची जुडी बुडवून मंतरलेलं. पुढच्या जानेवारीपर्यंत पुरवायचं. एरवी मिळत नाही. आणि देवळातला नळही गावाचाच.

ईस्टरआधीच्या उपवासांच्या पहिल्या आठवड्यात त्याने उचलली ती बाटली चुकीची. अख्खी टाकीत रिकामी केली. त्याच रात्री कोळंब्या कवचात अडकून मरायला लागल्या तेव्हा त्याने पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला, आकडा बघितला, रिकामी बाटली नाकाशी नेली. सब्जा.

मग त्याने आपल्या बाटलीतलं पाणी सासूच्या बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. त्या दिवसापासून सासरा रोज सकाळी अनशापोटी, छातीवर क्रूस काढून, एक चमचा आरओचं पाणी पीत होता.

"आई, हे ओतता येत नाही."

"का? बादलीला चिकटलंय?"

"यात तुमचं तीर्थ आहे."

अग्लाया हसली. "माझं तीर्थ फडताळात आहे."

"फडताळात आहे ते माझं पाणी."

त्याने सगळं सांगितलं. भरभर, बादलीकडे बघत. सांगून झाल्यावर तिने हातातल्या चमच्याकडे बघितलं.

"म्हणजे मी त्याला काय पाजतेय?"

"गाळलेलं पाणी."

"आणि तुला माहीत होतं."

त्याने कललेली बादली सरळ केली.

"मी चमचा धरून प्रार्थना म्हणते तेव्हा तू दारात उभा असतोस. आमेन म्हणतोस, मेल्या! रोज!" तिचा आवाज चढला आणि भिंतीकडे नजर जाताच खाली आला. "तुझ्या त्या पाण्यातल्या झुरळांना तीर्थ. आणि माझ्या माणसाला..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. वाकून चमचा बादलीत बुडवला.

"आई, नको! त्यात शेवाळ आहे, त्यांची घाण आहे. आधीच बाबांची छाती..."

"मंतरलेलं पाणी नासत नाही."

पण चमचा तिने खिडकीच्या उजेडात धरला. त्यात एक हिरवा कण फिरत होता. करंगळीच्या नखाने तो काढायला गेली, निसटला. पुन्हा गेली, पुन्हा निसटला. ती टबच्या काठावर बसली, चमचा तसाच पुढे धरून.

"अगं अग्लाया," शेजारच्या खोलीतून तिच्या नवऱ्याची, निकुलायची, हाक आली, "आणतेस का? देव खोळंबलाय, आणि मीही. कॉफी कधी देणार?"

तिने चमच्यातलं पाणी अलगद बादलीत परत सोडलं. एप्रनच्या टोकाला चमचा पुसला. उठली.

"हे संडासात नाही ओतायचं. खाली ने. चेरीच्या मुळाशी ओत, जिथे कुणाचा पाय पडत नाही. सगळ्या बादल्या."

"लिफ्ट बंद आहे, आई."

"मग?"

ती फडताळाकडे गेली. बाटलीचं निळं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिबेरियु बादली घेऊन जिन्याकडे निघाला, तर वाटेत म्हाताऱ्याच्या खोलीचं दार उघडंच.

निकुलाय उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, हात छातीवर. अग्लायाने चमचा काठोकाठ भरून धरला होता. एक थेंब सांडू दिला नाही. तिने रोजच्यासारखीच प्रार्थना म्हटली, एकही शब्द न गाळता, फक्त थोडी सावकाश. संपली. म्हाताऱ्याने तोंड उघडलं आणि जावयाकडे बघत वाट बघू लागला.

अग्लाया वळली नाही.

"म्हण की," ती म्हणाली.

तिबेरियुची गोदीतली नोकरी सुटली त्या हिवाळ्यात घरातल्या पहिल्या कोळंब्या निकुलायने आणल्या होत्या. पाणी गार पडू नये म्हणून पिशवी कोटाच्या आत छातीशी धरून, बाजारापासून घरापर्यंत पायी.