पत्र्यात मुरलेला आवाज

तळ्यातून वर काढलेलं नौदलाचं प्रशिक्षण विमान काठावर गाळ ठिबकवत पडलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी, युद्धाच्या धामधुमीत ते बुडालं आणि त्यासोबत वारिजाआजींचा नवराही. शर्वरीने पत्र्याला यंत्र लावलं. धातूत मुरलेले आवाज ते परत बोलते करत असे.

खरखरीतून आजींच्या नवऱ्याचा घाबरा आवाज आला, "मैने, वर ये गं! मैने!"

आजींचा चेहरा उतरला. "ही कोण?"

"हे विमानच, आजी. शिकाऊ वैमानिक विमानांना लाडाची नावं द्यायचे."

"मला मात्र नुसतं 'अगं, ऐकलंस का!'" आजी फणकारल्या. "एकदाही कधी नावानं हाक मारली नाही. आणि ही मैना! वर पन्नास वर्षं त्यांना कुशीत घेऊन बसली."

शर्वरीला हसू आलं, पण आजी हसत नव्हत्या. रीत म्हणून त्यांनीही नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. त्या वाकल्या आणि शेवाळलेल्या पत्र्याला ओठ टेकवले.

"मधुसूदन माझे आहेत," त्या स्पष्ट म्हणाल्या. "मुरव आता हेही, सटवे!"