वाकडं बसलेलं झाकण

"बायकांच्या हाती गाडी दिली की हेच व्हायचं," थोरले दीर हात धूत म्हणाले. इंजिनातलं तेल काढायच्या बोल्टचे आटे गेले होते. मघाशी पान्याला हातभर पाईप लावून तो त्यांनीच आवळला होता, हे ते सोयीने विसरले. "तुझ्या बाबांचा हा डबा आता भंगारात घाल."

वृंदाने गाडीखाली वाकून बोल्ट पाहिला. उद्या तिची बाळंतपणाची रजा संपत होती आणि तिच्या शाळेच्या गावाला एसटी जात नव्हती.

तिने दुकानातून भोकात नवे आटे पाडत जाणारा जाड बोल्ट आणला. बाळाला दिरांच्या मांडीवर दिलं, दूध भरलेली बाटली पुढे ठेवली. "भाऊजी, एवढं पाजा. झाकण तेवढं सरळ लावा."

"आता तू मला झाकण लावायला शिकव."

ती गाडीखाली शिरली. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी धरला. वाकडा जातोय असं वाटताच मागे घेतला, पुन्हा लावला. सहा महिने दुधाच्या बाटल्यांची झाकणं लावून बोटांना ते आपसूक कळत होतं. मग पान्याने अर्धा आटा पुढे, जरासा मागे, असा बेताने बसवला. तेल ओतलं, गाडी सुरू केली, खाली पुठ्ठा सरकवला. थेंबही पडला नाही.

तिने वर पाहिलं. दिरांच्या शर्टावरून दूध ओघळत होतं आणि ते दातओठ खात झाकण आवळत होते. भुकेलं बाळ त्यांच्याकडे टकमक बघत होतं.

बाळाला उचलून घेत तिने शांतपणे विचारलं, "पाईप आणून देऊ का, भाऊजी?"