भांगाचे दिवस

चंपा आली ती हातात पिशवी घेऊनच. अंगणात सुकट वाळत घालणाऱ्या सरूबाईने मान वर केली, लेकीला बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"लागला वाटतं भांग?"

"उद्यापासनं."

भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो. जाळ्यात काही येत नाही, चंपाच्या सासरी, तारोडी गावात, होड्या किनाऱ्याला पडून राहतात. चंपाचा नवरा नाथाही घरी पडून राहायचा. पडून राहिला की प्यायचा, आणि प्यायला की हात उचलायचा. म्हणून भांग लागायच्या आदल्या दिवशी चंपा उत्तनला आईकडे यायची. उधाण आलं, नाथा दर्यावर गेला, की परत. वर्षभर हेच रडगाणं.

"अगं, हे काय जगणं हाय?" सरूबाई वैतागली. "मारतो तर सोड त्याला! नाय सोडायचं तर माझ्या डोक्याला ताप देऊ नको. चंद्र बघून नवऱ्याला भिणारी बाई मी तरी बघितली नाय."

"पण आता मार खाते का मी? उधाणात तो देवमाणूस असतो. माझा अंदाज चुकत नाय, आये."

"आणि चुकला तर? जिवाशी खेळ हाय बाय हा!"

"नाय चुकत. पहिलं मी परत गेले की राग काढायचा. आता तेपण नाय. गप असतो. सासू करते त्याला शांत."

"ती कसली करते! मोठी आली!" सरूबाईने टोपली आपटली. "पोराला एक शब्द बोलत नाय. गेल्या भांगात दारात येऊन उभी, म्हणे सुनेला पाठवा. पाणी भरायला मोलकरीण पायजे तिला, दुसरं काय."

दोन दिवसांनी भरदुपारी चंपाची सासू कृष्णाबाई आलीच. तोंडावर पदर ओढलेला. सरूबाईने पाट दिला, तर बसली नाही. रेशनची साखर घालून चहा केला, तर तोही तसाच निवत ठेवला.

"काय हो इनबाई, माझ्या घरचा चहा कडू लागतो का?"

"नाय हो."

"मग ऐका. उधाण आल्याबिगर पोरगी येणार नाय. काय सांगायचं ते आपल्या पोराला सांगा. तुम्हीच जन्म दिलाय ना त्याला?"

चंपाला कसंतरी झालं. ती समजुतीने म्हणाली, "आत्याबाई, थोडे दिवस काढा की. मी येतेच. तो जेवतो ना?"

"जेवतो."

"मग झालं तर!" सरूबाई कडाडली. "एवढ्या उन्हाची तंगडतोड कशाला केलीत? नाय पाठवत म्हंजे नाय पाठवत!"

"तिला न्यायला नाय आले, इनबाई," कृष्णाबाई म्हणाली. "उधाण येईपर्यंत मलापण हितंच राहू द्या."