बोचोचे तीन सेकंद

“सेन्सेई, ते तीन सेकंद तसेच ठेवलेत तुम्ही,” निर्माती ओरिहारा दबक्या आवाजात म्हणाली. “कापायचे ठरले होते ना?”

“तू ठरवलं होतंस,” दिग्दर्शक हातोगाया म्हणाले. सगळा स्टुडिओ त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणे.

स्टुडिओच्या छोट्या प्रेक्षागृहात नवा भाग पारखायला बोलावलेली माणसं येऊन बसत होती. बारा जण, सगळे पस्तिशीच्या आसपासचे. एकेकटे आलेले, मधे एक खुर्ची सोडून बसलेले. शनिवारची दुपार असूनही दोघांनी टाय घातला होता.

बोचो नावाचं कार्टूनमधलं पाणमांजर हातोगाया पंचवीस वर्षं काढत आले होते. रविवारी सकाळी ते टीव्हीवर यायचं, मुलांकडे वळून काहीतरी विचारायचं आणि गप्प राहायचं. बरोबर तीन सेकंद. तेवढ्यात जपानभर, होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत, मुलं ओरडून उत्तर द्यायची. स्टुडिओत नवा चित्रकार आला, की हातोगाया त्याला रेघ नंतर शिकवत, थांबणं आधी.

मग बाजार बसला. बोचोची खेळणी खपेनात, तेव्हा कार्यक्रमाला पैसे पुरवणाऱ्या खेळण्यांच्या कंपनीने अंग काढून घेतलं. आता नव्या मालिकेत बोचो मोठं झालं होतं, कचेरीत जात होतं आणि रात्री दीड वाजता लागणार होतं. ज्यांनी ते लहानपणी पाहिलं, तेच आता त्याच्या महागड्या डिस्क घेतील, अशी ओरिहाराला आशा होती.

“मोठी माणसं टीव्हीशी बोलत नाहीत, सेन्सेई,” ती म्हणाली. “त्यांना वाटेल, यंत्र बिघडलं. आणि आज हे बारा जण कंटाळले, तर बोचो कायमचं बंद.”

“मुलांनी काय करायचं?”

“दीड वाजता मुलं झोपलेली असतात.”

हातोगाया तिच्याकडे वळले. मग म्हणाले, “तूही ओरडायचीस ना?”

“घसा बसेपर्यंत! म्हणून तर भांडतेय.”

दिवे मालवले. पडद्यावर बोचो स्टेशनातून बाहेर पडलं, जिना चढून खोलीत आलं आणि त्याने बूट काढून ठेवले. मग प्रेक्षकांकडे वळून त्याने विचारलं, “जेवलास का?”

एक. कुणाची तरी खुर्ची करकरली. दोन. ओरिहाराने डोळे मिटून घेतले.

“अजून नाही,” मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं.

“शाब्बास!” बोचो आनंदाने ओरडलं.

पंचवीस वर्षं ते हेच म्हणत आलं होतं. मुलं नेहमी ‘हो’च म्हणायची. हा शब्द बदलायला हवा, हे हातोगायांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

कोणी हसलं नाही.

हातोगाया ओरिहाराच्या कानाशी झुकले. “तुझं बरोबर होतं,” ते म्हणाले. “मोठ्यांना तीन सेकंद चालायचे नाहीत. पाच तरी द्यायला हवेत.”