मनातल्या मनात

ग्रंथ वाचताना सासूबाईंचा आवाज ठरावीक ओळींनाच चढायचा. हट्टाच्या, मत्सराच्या, उलट बोलण्याच्या. स्वयंपाकघरातल्या सुनेला ऐकू जावं, एवढाच.

"नोकरी मिळतेय, बाळाला सांभाळाल का?" असं सुनेने विचारून महिना झाला होता. त्यांचं उत्तर एकच, "बघू."

आज घसा पार बसला, म्हणून त्यांनी मनातल्या मनात वाचलं. दुसऱ्याचं बरं न बघवणाऱ्या मनाची ओळ आली आणि भिंतीपलीकडे न जाता त्यांच्यापाशीच थांबली. त्यांनी ती तीनदा वाचली.

गरम पाणी घेऊन आलेली सून हसली. "आज मला सुट्टी वाटतं, आई?"

म्हणजे हिला पहिल्यापासून कळत होतं. सासूबाईंना मान वर करवेना.

"नोकरीला हो म्हणून कळव," त्या कशाबशा बोलल्या. "बाळाला मी सांभाळते."