थिनरचा वास

“काय घेतलं होतं तिनं?” डॉक्टर मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं.

संस्कृती भिंतीला टेकून उभी होती. “मला काय माहीत न्हाई, मॅडम. आमी दोघी कॉलेजच्या मागं बसलो होतो. कोणतरी आलं म्हणून पळालो, अन् ती पडली.”

“माझी पोरगी तसली न्हाई,” संगीता मधेच बोलली. “सगळं सांगती मला. बारावीला हाय.”

खाटेवर स्वप्ना डोळे मिटून पडली होती. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, छातीला वायरी. निरोप कळताच संगीता पाटोद्याच्या बाजारातून भाजीची पाटी तिथंच टाकून धावत आली होती.

नर्सनं स्वप्नाच्या खिशातला रुमाल काढून संगीताकडं दिला. ओलसर होता. संगीतानं तो नाकाशी नेला आणि तिचा हात तिथंच थांबला. हा वास घरचा होता. तिचा नवरा शहादेव रंगकाम करायचा. रोज संध्याकाळी त्याच्या कपड्यांना हाच वास यायचा. थिनर.

दिवाळीपासून घरातली बाटली लवकर संपायची. कुणाला देऊन येता, म्हणून ती त्याला दोनदा टाकून बोलली होती. स्वप्ना तिथंच पुस्तक घेऊन बसलेली होती.

संगीतानं रुमाल संस्कृतीपुढं धरला. “कवापासून?”

संस्कृती रडायलाच लागली. “तीन महिने झाले, काकू. मी पण ओढलं, दोनदा. मग मला भ्या वाटलं. तिला लई म्हणलं, सोड. तिनं तुमचीच शपथ घातली मला.”

डॉक्टर मॅडम संगीताला बाजूला घेऊन म्हणाल्या, “असला वास ओढून पोरं घाबरली, पळाली, की हृदय जागेवर थांबू शकतं, बाई. वाचली आज. पण ठोके अजून नीट नाहीत. शुद्धीवर आली की किती ओढलं, आणखी काय घेते, सगळं कळलं पाहिजे मला.”

दुपार कलल्यावर स्वप्नानं डोळे उघडले. संगीतानं तिचा हात हातात घेतला. नर्सनं मास्क जरासा वर केला.

“आई, उपाशी होते ना सकाळपासून. चक्कर आली.”

सकाळी दोन भाकरी संगीतानंच तिला वाढल्या होत्या. समोर बसून खाल्ल्या होत्या तिनं.

“अजून काय?”

“अजून काय न्हाई. तुझी शपथ.”

स्वप्ना सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती. पापणीसुद्धा हलली नाही. घरात, बाटलीवरून भांडण चाललेलं असताना, तिनं असंच एकदा पुस्तकातून वर बघितलं होतं.

डॉक्टर मॅडम आत आल्या. “काय म्हणते पोरगी?”

संगीतानं स्वप्नाच्या हातावरची पकड घट्ट केली.

“खोटं बोलती, मॅडम. तुमी विचारा.”

स्वप्नानं हात ओढून घ्यायला बघितलं. संगीतानं तो सोडला नाही.