तळ्याची परवानगी

“पण तुम्ही विचारलंच कशाला, सर?” नरसिंह अण्णांनी कपाळाला हात लावला. “नकाशा तुमचा, पुस्तक तुमचं. गुपचूप छापला असता, तर लंडनहून बघायला कोण येणार होतं?”

अण्णांचा छापखाना म्हणजे बंगळुरातल्या निम्म्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका छापणारा. तिथल्या स्टुलावर प्राध्यापक शरच्चंद्र बेळगुंदकर हातातल्या फॅक्सकडे बघत बसले होते. हेब्बाळच्या तळ्यात पाणी कुठून कुठून येतं, हे शोधत ते दोन पावसाळे चिखल तुडवत हिंडले होते. त्यातून पाणवाटांचा नकाशा तयार झाला. तो विलायतेतल्या एका मोठ्या नियतकालिकाने घेतला, तेव्हा सरांनी अख्ख्या विभागाला म्हैसूरपाक वाटला होता. छापण्याआधी नियतकालिकाने एक कागद सहीसाठी पाठवला होता. पण नाव विलायतेत झळकतंय म्हटल्यावर बारीक अक्षरं वाचतो कोण! सरांनी झोकात सही ठोकली. त्या सहीने नकाशाचे सगळे हक्क तिकडे गेले, हे त्यांना आत्ता कळत होतं. स्वतःच्या मराठी पुस्तकात स्वतःचा नकाशा घेऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर आलं होतं, नाही.

“कायदा म्हणजे कायदा, अण्णा.”

“मग नवा काढा की! स्वल्प इकडचं तिकडे करून.”

“ती चोरीच झाली.”

अण्णांनी वर छताकडे बघितलं. असल्या माणसापुढे डोकं फोडून उपयोग नव्हता.

पुस्तक रविवारी निघायचं होतं. तळ्यामागे रोज नव्या प्लॉटच्या पाट्या लागत होत्या. घर बांधण्याआधी पाण्याची वाट कुठून जाते हे माणसाने बघावं, एवढ्यासाठीच तर सरांनी हे पुस्तक लिहायला घेतलं होतं. नकाशाशिवाय ते पुस्तक म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

मग सरांना आसावरी आठवली, आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली.

आसावरी ही त्यांची विद्यार्थिनी, पीएचडीसाठी पुण्याहून आलेली. तिने तळ्याची पुन्हा मोजणी करून स्वतःचा नकाशा काढला होता. तेव्हा इंटरनेट म्हणजे संस्थेच्या एकाच खोलीतलं नवल होतं. या बाईने नकाशा थेट त्यावर चढवला, आणि खाली लिहिलं, ‘कोणीही घ्या, कोणालाही द्या.’

सर असे भडकले होते, की बोलायची सोय नाही! “हा काय देवळातला प्रसाद आहे? उद्या कोणीही उचलेल आणि आपल्या नावावर खपवेल. आधी ते पुसून टाक. आणि माझा नकाशा छापला त्याच नियतकालिकाला तुझाही पाठव, जगात नाव होईल.”

आता तेच सर रिक्षा करून संस्थेत पोचले.

“आसावरी, तुझा नकाशा माझ्या पुस्तकाला देशील? तुझ्या नावासकट छापतो.” विनंती करायची सरांना सवय नव्हती.

आसावरीचा चेहरा पडला. “आनंदाने दिला असता, सर. पण तुम्हीच सांगितलंत ना? मी तो पुसला, लेख तिकडे पाठवला. परवा त्यांचा कागद आला, मी सही करून तो परतही पाठवला.”

“सही करण्याआधी वाचलंस तरी का?”

“तुम्ही वाचलं होतं, सर?”

घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ. सर आले तसेच घरी गेले.

रविवारी पुस्तक निघालं. नकाशाच्या पानावर वर मथळा, ‘हेब्बाळच्या पाणवाटा’, आणि त्याखाली अख्खं पान कोरं. हार झाले, भाषणं झाली. वक्त्यांनी पुस्तक उघडून बघितलं नसावं, कारण कोरं पान कोणाच्याच बोलण्यात आलं नाही. मग सह्यांसाठी रांग लागली. सगळ्यात पुढे के. आर. पुरमचे मल्हारराव, रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी नेमकं तेच पान सरांपुढे धरलं.

“सर, उद्या तळ्यामागचा प्लॉट नावावर करतोय. जन्मभराचं घर व्हायचंय ते. पाण्याच्या वाटेत येत नाही ना, हे बघायलाच पुस्तक घेतलं. इथं तर काहीच नाही! तळं गेलं कुठं?”

“विलायतेला,” सर म्हणाले.

मागे कोणीतरी खिदळलं. मल्हारराव हसले नाहीत.

“प्लॉट नेमका कुठे?” सरांनी विचारलं.

“देवीच्या देवळामागे. एकदम कोरडी जागा, सर.”

देवळामागचा ओढा उन्हाळ्यात दिसतच नाही. पावसाळ्यात मात्र त्याच ओढ्यात सर स्वतः कमरेएवढ्या पाण्यात अडकले होते. मल्हाररावांना तोंडी सांगून भागलं असतं. पण रांग दारापर्यंत गेली होती, आणि प्रत्येकाच्या हातात तेच कोरं पान होतं.

सरांनी पेनचं टोपण काढलं. त्या पानावर आधी तळं काढलं, मग एकेक ओढा. एकही वाट चुकली नाही. देवळामागे त्यांनी जाड रेघ ओढली.

“ही जागा घेऊ नका, मल्हारराव. ही पाण्याची आहे.”

शेजारी उभ्या आसावरीने हळूच विचारलं, “सर, ही चोरी ना?”

“चोरीच,” सर म्हणाले. “तूही पेन काढ. रांग मोठी आहे.”

मग नकाशाखाली त्यांनी विलायतेला पाठवली होती तशीच झोकदार सही ठोकली, आणि सहीच्या वर लिहिलं, ‘कोणीही घ्या, कोणालाही द्या.’